थंडीत डिझेल ट्रक पहिल्या सेल्फला सुरू व्हावा म्हणून

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात नोझलने फवारलेले डिझेल पेट घेते. डिझेल तसे २१० ते २५० अंशांनाच आपोआप पेटते, पण ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटायला हवे, म्हणून मधला एवढा फरक लागतो. थंडी हाच फरक खाऊन टाकते. आत येणारी हवा गार, लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि हेडचे (त्याच्या झाकणाचे) लोखंड गार. त्यात इंजिन हळू फिरले तर दाबलेली हवा रिंगांतून निसटायला आणि उष्णता भिंतींना द्यायला जास्त वेळ मिळतो. मोठ्या इंजिनाला सुरू होण्यासाठी मिनिटाला निदान १०० ते १५० फेरे हवेत. ८० फेऱ्यांवर तुम्ही दहा मिनिटे सेल्फ मारलात तरी ते पेटणार नाही, फक्त बॅटरी संपेल.

थोडक्यात तीनच गोष्टी लागतात: वेग, उष्णता आणि वाहते डिझेल. नेमके काय कमी पडते आहे ते आधी ओळखा, मगच पाना हातात घ्या. अंदाजाने बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला, मग नोझल उतरवले आणि शेवटी दोष पाइपच्या एका रबरी रिंगेत निघाला, असे फार वेळा होते.

आधी धूर पाहा

सेल्फ मारताना दुसऱ्या कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभे करा. इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे, पण धूर अजिबात नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाही. फिल्टर थिजला आहे, लाइनने हवा धरली आहे किंवा पाणी गोठून वाट बंद झाली आहे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. म्हणजे उष्णता किंवा वेग कमी आहे. मग हीटर प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणारे), बॅटरी आणि कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) या क्रमाने जा. काळा धूर येऊन इंजिन धडपडत असेल तर हवा कमी पडते आहे. बर्फ पडणाऱ्या भागात एअर फिल्टरच्या तोंडाशी बर्फ भरलेला असतो, तो आधी काढा. सेल्फ नुसताच ‘टक्’ करत असेल किंवा रेंगाळत असेल तर डिझेलकडे पाहूच नका, दोष विजेच्या बाजूला किंवा घट्ट झालेल्या ऑइलमध्ये आहे.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते त्या इंजिनात, आणखी एक बाब असते. रेलमधला दाब साधारण २०० बारच्या वर गेल्याशिवाय बहुतेक कंट्रोल युनिट नोझल उघडतच नाहीत. त्यामुळे सेल्फ हळू फिरला किंवा नोझलमधून परतीच्या लाइनला जास्त डिझेल गळत असले तर इंजिन फिरते, पण धूर दिसत नाही. उन्हाळ्यात अशीच गाडी चटकन सुरू होते आणि दोष झाकला जातो. स्कॅनर असेल तर सेल्फ मारताना रेलचा दाब आणि इंजिनाचे फेरे हे दोन आकडे एकत्र पाहा. बरेच कोडे तिथेच सुटते.

बॅटरी, केबल आणि अर्थिंग

उणे १८ अंशांना पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरीसुद्धा उबेत देते त्याच्या जवळपास निम्मीच ताकद देते. त्याच वेळी थंड ऑइलमुळे इंजिन फिरवायला दुप्पट किंवा त्याहून जास्त जोर लागतो. म्हणून उन्हाळ्यात ‘ठीक’ वाटणारी बॅटरी थंडीच्या पहिल्या लाटेत मान टाकते. बॅटरी घेताना अँपिअर-अवरबरोबर सीसीए हा आकडाही पाहा. उणे १८ अंशांना ३० सेकंदांपर्यंत, १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता ती किती अँपिअर देईल, ते हा आकडा सांगतो. गाडीच्या पुस्तकात दिला असेल त्यापेक्षा कमी सीसीएची बॅटरी बसवू नका.

गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) जास्त खरे बोलतो: पूर्ण चार्जला १.२६५ ते १.२८०. एका घरात आणि दुसऱ्या घरात ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर ती बॅटरी गेली असे समजा. थंड बॅटरीत हा आकडा फसवा वाढलेला दिसतो. २७ अंशांच्या खाली दर ५.५ अंशांमागे ०.००४ वजा करा. शून्य अंशांना १.२६० दिसले तर खरा आकडा साधारण १.२४० आहे.

अर्धवट चार्ज बॅटरी थंडीत ठेवणे धोक्याचे असते. पूर्ण चार्ज बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गोठते, अर्ध्या चार्जचे उणे २५ च्या आसपास आणि रिकाम्या बॅटरीचे उणे १० च्या आसपासच. फुगलेली किंवा आत बर्फ दिसणारी बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका आणि तिला जंपही देऊ नका, ती फुटू शकते. काढून उबेत ठेवा, पूर्ण वितळल्यावर खोका तडकला आहे का ते पाहा, मगच पुढचे ठरवा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे ते गाडी निघण्यापूर्वी घाला, रात्री उभी करताना नको. न मिसळलेले पाणी वर तरंगते आणि तेच आधी गोठते.

२४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या एकाच मेकच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात. एक नवी आणि एक जुनी जोडली की जुनी नवीला ओढून खाली आणते. दोघींपैकी एकीवरून १२ व्होल्टचा टेप किंवा चार्जर जोडणे ही सवय तर मोडाच. ती बॅटरी रोज थोडी रिकामी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्ही अकाली मरतात. १२ व्होल्ट हवेत तर कन्व्हर्टर बसवा.

केबलकडे मात्र हवे तितके लक्ष दिले जात नाही. सेल्फ ६०० अँपिअर ओढत असताना वाटेत ०.००१ ओहम जरी जास्तीचा विरोध असेल तरी ०.६ व्होल्ट तिथेच जळतात. ओहम मोजून हे कळत नाही, भाराखाली मोजावे लागते. डिझेल बंद ठेवून, म्हणजे इंजिन पेटणार नाही अशी सोय करून, एकाला सेल्फ मारायला सांगा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नको. दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मधल्या जोडांपैकी एखादा खराब आहे. तसेच ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात मोजा, इथे ०.३ व्होल्टच्या आत हवे. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली असणे हे नेहमीचे कारण आहे. पट्टी काढा, तिची जागा घासून चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सेल्फ मारताना बॅटरीचा स्वतःचा दाब १२ व्होल्टच्या गाडीत ९ च्या आणि २४ व्होल्टच्या गाडीत १८ च्या खाली जात असेल, तर बॅटरी कमजोर आहे किंवा इंजिन फारच जड फिरते आहे.

अल्टरनेटरचा पट्टा थंडीत कडक होतो आणि घसरतो. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत २७.६ ते २८.८ आणि १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. गार बॅटरी चार्ज घेतेही हळू, त्यामुळे दिवसभर जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी आठवड्यातून एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

डिझेल का थिजते

डिझेलमध्ये मेण असते आणि ते असणे वाईट नाही, त्यानेच डिझेल चांगले पेटते. पारा उतरला की आधी मेणाचे कण दिसू लागतात आणि डिझेल धूसर होते, तो क्लाउड पॉइंट. आणखी खाली कण इतके वाढतात की फिल्टर तुंबतो, तो सीएफपीपी. त्याच्याही खाली डिझेल वाहायचेच थांबते, तो पोअर पॉइंट. ट्रक बंद पडतो तो सहसा मधल्या टप्प्यावर. टाकीत डिझेल पातळ दिसते, पण बारीक फिल्टरच्या कागदावर मेणाचा थर बसलेला असतो. याची ठरलेली खूण अशी: गाडी सकाळी सुरू होते, काही मिनिटे नीट चालते, मग ओढ कमी होते आणि बंद पडते. लाइनमधले डिझेल संपून टाकीतले मेणाचे डिझेल फिल्टरवर पोहोचते तोवरचाच तो वेळ असतो.

तुमच्या टाकीतले डिझेल किती थंडी सोसेल हे घरीच तपासता येते. पारदर्शक बाटलीत टाकीच्या तळाकडचे पाव लिटर डिझेल काढा आणि रात्रभर गाडीजवळ उघड्यावर ठेवा. सकाळी स्वच्छ असेल तर काळजी नाही. धूसर दिसले तर तुम्ही काठावर आहात. तळाशी पांढरा गाळ साचला असेल तर त्या डिझेलवर गाडी नेऊ नका. नंतर बाटली उबेत आणा. धूसरपणा गेला तर ते मेण होते, तळाशी थेंब राहिले तर ते पाणी.

उपाय पहिला, आणि बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाचा: थंडीचे डिझेल भरा. उबदार प्रदेशात टाकी भरून थंड प्रदेशात जाणारा ट्रक सर्वांत जास्त अडचणीत येतो. वाटेत टाकी अर्धी रिकामी होऊ द्या आणि थंड भागात शिरताच तिथल्या पंपावर भरा, म्हणजे रात्री टाकीत तिथल्या हवेला जमणारे मिश्रण असेल. बायोडिझेलचे प्रमाण जास्त असलेले इंधन आणखी लवकर थिजते, थंडीत ते टाळा.

उपाय दुसरा, थिजण्याविरुद्धचे अॅडिटिव्ह. ते मेण काढून टाकत नाही, मेणाचे स्फटिक लहान ठेवते, म्हणजे ते फिल्टरमधून निघून जातात. म्हणूनच ते स्फटिक तयार होण्याआधी पडायला हवे. डिझेलचे तापमान क्लाउड पॉइंटपेक्षा निदान ५ ते ६ अंश वर असताना, आधी अॅडिटिव्ह टाकीत ओता आणि त्यावर डिझेल भरा, म्हणजे ते नीट मिसळेल. डब्यावर लिहिलेलेच प्रमाण घ्या. दुप्पट टाकून दुप्पट गुण येत नाही. एकदा थिजलेल्या टाकीत ओतलेल्या अॅडिटिव्हचा काही उपयोग नाही.

रॉकेल मिसळण्याची जुनी पद्धत चालते, पण तिची किंमत मोजावी लागते. १० टक्के रॉकेलने क्लाउड पॉइंट साधारण दीड ते दोन अंशच खाली जातो आणि डिझेलचा वंगणपणा मात्र कमी होतो. त्याचा फटका हाय-प्रेशर पंपाला आणि नोझलला बसतो. कॉमन रेल आणि धूर शुद्धीकरणाची यंत्रणा असलेल्या गाडीत कंपनीच्या पुस्तकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच ते करा. पेट्रोल मात्र एक थेंबही नको. टाकीत स्फोटक वाफ साठते आणि पंप जातो.

पाण्याचे दुखणे मेणाइतकेच मोठे आहे. रिकाम्या टाकीच्या भिंतींवर रात्री दव धरते, ते तळाशी उतरते आणि वॉटर सेपरेटरच्या वाटीत किंवा पाइपच्या वाकणात गोठते. रात्री टाकी भरून ठेवा. संध्याकाळी, इंजिन गरम असतानाच, सेपरेटरचा नळ उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. सकाळी तो नळ गोठलेला असेल, जबरदस्ती कराल तर तुटेल. हंगामाच्या सुरुवातीला टाकीचा तळाचा बोल्ट उघडून पाणी आणि गाळ काढा आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदला. अर्धा तुंबलेला जुना फिल्टर थोड्याशा मेणानेही बंद होतो.

थंडीच्या नावावर खपणारी हवा

रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास देणारी आणि दिवसभर एका सेल्फला सुरू होणारी गाडी पाहिली की सगळे थंडीला दोष देतात. कित्येकदा खरा दोष असा असतो: थंडीत आकसलेल्या ओ-रिंगमधून किंवा तडकलेल्या रबरी पाइपमधून हवा आत शिरते आणि लाइनमधले डिझेल रात्रीत टाकीत परत उतरते. सकाळी सेल्फ मारण्याआधी हातपंप (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा पंप) मारून पाहा. तो घट्ट होईपर्यंत बरेच दाब लागले आणि नंतर गाडी लगेच सुरू झाली तर हवा धरली होती हे नक्की. ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागात शोधा. फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालवले की बुडबुडे दिसतात. या बाजूला डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, तिथे ओढ असते म्हणून हवा आत जाते आणि बाहेरून सगळे कोरडे दिसते. फिल्टर बसवताना जुनी रबरी रिंग परत वापरू नका आणि वॉशर नवे घाला.

इंजिन ऑइल

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा असतो. सेल्फने इंजिन फिरवताना ऑइल किती जड होते याची चाचणी १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांना, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना होते. रात्रीचा पारा उणे १५ च्या खाली जात असेल तर १५डब्ल्यू-४० सोडून १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूवर जा. कंपनीने सांगितलेला दर्जा मात्र तोच ठेवा, विशेषतः डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत. जुने, काजळीने भरलेले ऑइल आकड्यापेक्षा कितीतरी घट्ट असते, त्यामुळे बदलीची वेळ थंडीच्या तोंडावर आली असेल तर लांबवू नका.

उष्णता देण्याचे मार्ग

लहान इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग असतो. तपासायला वरची जोडपट्टी काढा आणि प्लगचे टोक व बॉडी यांच्यात ओहम मोजा. १२ व्होल्टचा धातूचा प्लग सहसा दोन ओहमच्या आत दाखवतो, मीटर हललेच नाही तर तो जळालेला आहे. सिरॅमिक प्लग बरेचदा कमी व्होल्टेजचे असतात, त्यांना थेट बॅटरी लावून तपासू नका, क्षणात जळतात. मोठ्या ट्रकमध्ये हीटर प्लगऐवजी हवेच्या वाटेत जाळीचा हीटर असतो. तो १०० अँपिअरच्या वर ओढतो आणि इंजिन सुरू झाल्यावरही अधूनमधून चालू होतो. त्या वेळी दिवे मंद झाले तर घाबरू नका. सेल्फ मारण्याआधी डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबणे हे इथले एकच पथ्य आहे, आणि तेच घाईत मोडले जाते.

उणे १५ च्या खाली रोज उभ्या राहणाऱ्या गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनातले कूलंट विजेवर तापवणारा हीटर, लावाच. मोठ्या इंजिनाचा हीटर १००० ते १५०० वॅटचा असतो आणि निघण्याआधी तीन ते चार तास चालू असला की पुरतो. रात्रभर चालवून फारसे जास्त मिळत नाही, टायमर लावा. १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर आणि १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो, वायर त्या हिशेबाची, उघड्यावर चालणारी आणि अर्थ असलेली हवी. कूलंट कमी असताना किंवा आत हवेचा फुगा असताना हीटर लावला तर कॉइल जळते. वीज नसेल तिथे डिझेलवर चालणारा कूलंट हीटर लावतात. तो बंद शेडमध्ये कधीही चालवू नका आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवा, म्हणजे त्याचा बर्नर जाम होणार नाही.

ईथरचा फवारा हीटर प्लग किंवा जाळीचा हीटर असलेल्या इंजिनात मारू नका. तापलेल्या तारेवर तो पाइपातच पेटतो. बाकी इंजिनांतही तो वेळेआधी पेटून पिस्टनची रिंग बसायची जागा तोडतो. रोज सकाळी ईथर मागणाऱ्या इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासायला हवे. ऑइल चेंबरखाली किंवा टाकीखाली चिंध्या पेटवण्याचा प्रकारही थांबवा. वर डिझेलचे पाइप, ब्रेकचे प्लास्टिक पाइप, वायरिंग आणि गळलेल्या ऑइलचा थर असतो. यात गाड्या जळतात आणि माणसेही भाजतात.

कूलंट, युरिया, हवेच्या टाक्या

एथिलिन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेतले की मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका, नुसते ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठते. रिफ्रॅक्टोमीटरने एकदा मोजून घ्या, वर्षभर नुसते पाणी ओतलेल्या रेडिएटरचा भरवसा धरू नका. डीईएफ, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण, उणे ११ ला गोठते. गाडी तरीही सुरू होते आणि टाकीतला हीटर ते वितळवतो. तुम्ही फक्त युरियाची टाकी काठोकाठ भरू नका आणि त्यात काहीही मिसळू नका. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतले पाणी रोज संध्याकाळी सोडा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक लावून गाडी ठेवली तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा पाहा आणि चाकांना ठोकळे लावा.

संध्याकाळी आणि सकाळी

गाडी उभी करताना इंजिनाची बाजू वाऱ्याच्या आड ठेवा. टाकी भरा, सेपरेटर सोडा, दिवे आणि पंखे बंद करा. बॅटरीचा मुख्य स्विच चावी बंद केल्यावर लगेच काढू नका. युरियाची लाइन रिकामी होईपर्यंत काही मिनिटे जाऊ द्या, नाही तर उरलेला युरिया पाइपात गोठतो.

सकाळी सगळे दिवे, ब्लोअर बंद. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल फिरवण्याचा भार तेवढाच वाचतो. चावी फिरवा, हीटरचा दिवा विझू द्या. फार थंडी असेल तर चावी बंद करून हीटरची फेरी पुन्हा एकदा होऊ द्या. सेल्फ एका वेळी १५ ते २० सेकंदच मारा आणि मध्ये दोन मिनिटे थांबा. सेल्फच्या आतली वेटोळी त्या वेळात गार होतात आणि बॅटरीही थोडी सावरते. इंजिन पेटत असल्यासारखे वाटले तर सेल्फ लगेच सोडू नका, पूर्ण पकडू द्या. तीन-चार प्रयत्नांत सुरू झाली नाही तर थांबा आणि धूर पाहून कारण शोधा.

सुरू झाल्यावर १० ते १५ सेकंदांत ऑइलचा दाब दिसला पाहिजे, नाही तर इंजिन बंद करा. अॅक्सिलरेटर दाबू नका, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल अजून पोहोचायचे असते. तीन ते पाच मिनिटे ९०० ते १००० फेऱ्यांवर ठेवा आणि मग हलक्या पायाने निघा. तासभर जागेवर चालवून डिझेल इंजिन गरम होत नाही. उलट न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डीपीएफ काजळीने भरतो.

अडकलात तर

फिल्टर थिजला असेल तर तो बदला. बदली नसेल तर फिल्टरला कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी ओता, विजेचे जोड मात्र कोरडे ठेवा. नंतर हातपंपाने हवा काढा. कॉमन रेलच्या शेवटच्या फिल्टरमध्ये हाताने डिझेल ओतून बसवू नका, न गाळलेला एक कणही नोझल खराब करतो. टाकीच थिजली असेल तर गाडी उबदार शेडमध्ये नेण्यावाचून मार्ग नाही.

जंप देताना दोन्ही गाड्यांचे व्होल्टेज सारखे हवे. आधी धनाला धन जोडा. मग चालू गाडीचे ऋण टोक आणि शेवटचा क्लॅम्प बंद गाडीच्या इंजिनाच्या ब्लॉकवर, बॅटरीपासून दूर, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथेच पडते. पाच-दहा मिनिटे तसेच चार्ज होऊ द्या, मग सेल्फ मारा. केबल उलट्या क्रमाने काढा. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढू नका, दाबाच्या उसळीने कंट्रोल युनिट जाते.

केबिनमध्ये दोन्ही डिझेल फिल्टर त्यांच्या रिंगांसह, फिल्टर पाना, जाड जंप केबल, मल्टिमीटर, अॅडिटिव्हचा डबा, अल्टरनेटरचा पट्टा आणि बॅटरीवर चालणारा डोक्याचा दिवा ठेवा. अॅडिटिव्हचा डबा सीटजवळच असू द्या. बाहेरच्या पेटीत ठेवला तर तोच घट्ट होऊन ओतता येत नाही.